गोड वांग्याची अकरा झाडं

९ जुलै
लागवड झाली एकदाची. ३२० रोपं. आठ सऱ्या, सरीत चाळीस. भवानीनगरजवळचं मामांचं रस्त्याकडेचं वावर. चार वर्षांत या तुकड्यात वांगं टिकलेलं नाही, मर रोग मातीतच बसलाय. मला नेमकं असलंच वावर हवं होतं. लोक रोगट जमीन लपवतात, मी हात जोडून मागून घेतली.

रोप दाबताना मामा हळहळत होते. "मरायलाच लावतुय व्हय गं सुवर्णे?" हो मामा. निम्मी मरायलाच.

पीएच.डी.चं पाचवं वर्ष. एक मुदतवाढ खाऊन झाली. हा शेवटचा हंगाम, मार्चअखेर प्रबंध द्यायचा. कंबर मोडली आहे. बारामतीला खोलीवर येईपर्यंत स्कूटीवरच झोप येत होती.

११ जुलै
मामींनी विचारलं, नक्की काय शोधतेस? सांगितलं. रानवांगं मर रोगाला दाद देत नाही, पण कडूजहर. आपलं गावरान जांभळं, पांढऱ्या रेघांचं, चवीला एक नंबर, पण रोग आला की चार दिवसांत आडवं. दोघांचा संकर केला, तो परत गावरानशी केला, त्याची ही ३२० पोरं. अडचण अशी की रोग सोसणारं जनुक आणि कडूपणाचं जनुक एकाच दोऱ्यावर शेजारी शेजारी ओवलेत. एक आलं की दुसरं येतंच. दोरा बरोबर त्या दोघांच्या मध्येच तुटून दुसऱ्या दोऱ्याला जोडला गेला, तरच न मरणारं आणि गोड असं झाड मिळेल.

"किती येळा तुटतो मग?"

तेच मोजायचंय मामी. मणी जितके जवळ, तितका क्वचित.

मामी हसल्या. त्या परसात शेडनेटखाली वांग्याची कलमं करतात, खाली रानवांग्याचा खुंट, वर गावरानचा शेंडा, मध्ये क्लिप. आठवड्यात सांधा जुळतो. गावातल्या बायका नेतात. "माझं कलम बी मरत न्हाय आन् कडू बी लागत न्हाय. कशाला दोरा तोडत बसायचं?"

म्हटलं, कलमाचं बी धरलं तर त्यात नुसतं गावरानच उतरतं, खुंट मातीतच राहतो. दर वर्षी नव्याने कलम. माझं झाड मिळालं तर ते बियातून चालेल. मामींना पटलं असावं. किंवा मला वाईट वाटू नये म्हणून मान हलवली.

१५ जुलै
प्रत्येक रोपाशी नंबरची काडी रोवून झाली. मामांना तीन गोष्टी बजावल्या. मेलेलं रोप उपटायचं नाही. काडी हलवायची नाही. औषध मारायचं नाही. मामांनी बोटांवर मोजून म्हणून दाखवल्या, शाळेत उभं केल्यासारख्या.

"आनि काय?"

एवढंच, म्हटलं.

२१ जुलै
ताप. १०३. अंग ठेचून काढल्यासारखं. प्लॉटवर नाही गेले.

२३ जुलै
डेंग्यू. ॲडमिट. प्लेटलेट्स घसरतायत म्हणे. मला प्लॉटची काळजी, आईला माझी, नर्सबाईंना दोघींची कटकट.

२ ऑगस्ट
मामांचा फोन. प्लॉट कसा आहे विचारलं. "झ्याक हाय. तू निवांत पड. एक नांगी दिसायची न्हाय तुला." सरीत रोप मरून जागा रिकामी राहिली की तिला नांगी म्हणतात. म्हणजे अजून मर सुरूच नाही. चांगलं की वाईट? मरायला हवीत खरं तर. पण मी तिथं असताना मरावीत. रोपांनी माझी वाट बघितली म्हणायची.

९ ऑगस्ट
आज प्लॉटवर. पाय लटपटत होते, तरी आठही सऱ्या फिरले. ३२० च्या ३२० उभी! काही रोपं जरा लहान दिसली, पण या पिढीत एकसारखेपणा नसतोच. मामांनी मातीची भर पण लावून टाकलीय, सरळ, आखल्यासारखी. रस्त्याने जाणारे थांबून बघतात म्हणे. मामा स्वतः कमरेवर हात ठेवून बांधावर उभे होते, फोटो काढून घेणाऱ्यासारखे. काढला.

१८ ऑगस्ट
सुरू झाली! आज सात. सकाळी हिरवीगार, दुपारी मान टाकलेली. खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं की दुधासारखी धार उतरते. तीच मर, शंका नाही. सातही काड्यांना लाल रिबीन बांधली. मी खुशीत, आणि मामा घरात माणूस गेल्यासारखे.

"ह्या जागा रिकाम्याच ठिवायच्या?"

हो मामा, राहू द्या.

त्यांनी एकेका काडीपाशी थांबून बघितलं. मला वाटलं, जीव हळवा आहे.

५ सप्टेंबर
आतापर्यंत ११८. लाल रिबीन संपली, मामींनी जुन्या परकराच्या पट्ट्या फाडून दिल्या. साखर कारखान्याच्या रस्त्यावरून येणारा जाणारा विचारतो, काय झालं वावराला? मामा पाठ फिरवून तण उपटायला लागतात. माझ्यामुळे माणसाला तोंड लपवायची पाळी आली.

१९ सप्टेंबर
मर थांबली. दहा दिवसांत एकही नाही. मेली १५२, उभी १६८. निम्म्याला निम्मं, गणितात बसतंय. आता उरलेल्या १६८ मध्ये गोड किती, एवढाच प्रश्न. एवढाच म्हणे!

२४ सप्टेंबर
चव बघण्याचं काम चालू. मामींचं इडलीपात्र घेतलंय. एका वाटीत एका झाडाची फोड, मीठ नाही, तिखट नाही, नुसती वाफवून. मामी आणि मी वेगवेगळं लिहितो, मग ताळा करतो. पहिल्या दिवशी मामापण होते. त्यांना सगळीच गोड लागली, कडूजहर फोडसुद्धा डोळे मिटून गिळली आणि म्हणाले, "बरी हाय की." माझं मन राखायला. त्यांना कमिटीतून काढून टाकलं.

जीभ इतकी कडू झालीय की चहा पण काढा लागतो.

२८ सप्टेंबर
अकरा.

परत बघितली. परत अकरा. मामींच्या यादीत तीच अकरा, माझ्या यादीत तीच अकरा. रोगट जमिनीत उभी आणि लोण्यासारखी गोड! पाच वर्षं. मी मामींच्या गळ्यात पडून रडले आणि मामी "अगं तवा जळतोय" म्हणत तशाच उभ्या राहिल्या.

अकराही झाडांच्या कळ्यांना कापडी पिशव्या बांधल्या. परागण घरच्या घरीच, त्याच झाडाच्या परागाने व्हायला हवं.

१ ऑक्टोबर
सरांना आकडा दाखवला. १६८ मध्ये ११. साडेसहा टक्के. जितके टक्के दोरा तुटतो, तितके सेंटिमॉर्गन दोन मण्यांतलं अंतर. सर चष्मा काढून म्हणाले, "साडेसहा सेंटिमॉर्गन. मला एकाच्या आत वाटलं होतं. मी हरलो, सुवर्णा." गाईड असं कधी म्हणतात का? खोलीवर येईपर्यंत मनात तेच वाक्य.

१४ ऑक्टोबर
विभागात सेमिनार झाला. प्रश्न आले, उत्तरं दिली. सरांनी शेवटी दोन वाक्यं बोलून माझं नाव दोनदा घेतलं. आईने फोनवर सगळं दोनदा ऐकलं.

१९ ऑक्टोबर
नीट लिहिते.

सकाळी पिशव्या तपासत होते. क्र. ९७, अकरातलं सगळ्यात देखणं झाड. बुडाशी मातीतून एक फुटवा वर आलेला. पानं वेगळी. कातरलेली, शिरेवर काटे. रानवांग्याची पानं. वरच्या झाडाची गावरानची.

एका झाडाला दोन जातींची पानं येत नाहीत.

खुरप्याने भर बाजूला केली. चार बोटं खाली खोडावर सांधा. क्लिपचा वळसुद्धा दिसतोय. कलम आहे ते. मामींच्या हातचं.

२० ऑक्टोबर
कोणाला न सांगता अकराही उकरली. दहांना सांधा आहे. मामींचा हात इतका साफ की दोन ठिकाणी भिंगाने बघावं लागलं. अकरावं, क्र. २१२, त्याला सांधा नाही. मुळापर्यंत एकच खोड.

उकरलेली माती परत लोटून ठेवली. का, कोणास ठाऊक. लपवतेय कोणापासून?

२१ ऑक्टोबर
मामांना विचारलं. रागाने नाही, मुद्दाम चहा घेता घेता.

"व्हय, म्या लावली. तू दवाखान्यात हुतीस, तवा पडली की धा-बारा रोपं. रस्त्याकडंचं वावर. आपल्या वावरात कधी नांगी ऱ्हाऊ दिली न्हाय म्या. आन् तू उठून आलीस आन् तुज्या प्लॉटात नांग्या बघितल्यास, तर काय वाटलं असतं तुला?"

मी म्हटलं, मेलेलं उपटू नका म्हणून सांगितलं होतं ना.

"उपटलं कुठं? बाजूलाच लावलं. काडी बी न्हाय हालवली. मेलेली हुती ती भर लावताना मातीत गेली."

तिन्ही गोष्टी पाळल्या होत्या त्यांनी. नांग्या भरू नका, हे मी सांगितलंच नव्हतं. शेती शिकायला मी पाच वर्षं कॉलेजात घालवली आणि शेतकऱ्याचा हात रिकाम्या जागेकडे आपोआप जातो, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. सरकारी नोकराची मुलगी मी.

"काय चुकलं का गं?"

नाही मामा, म्हटलं. खोटं बोलले. आणखी काय बोलणार होते?

२२ ऑक्टोबर
मामींनी ओळखलं. मी झाडं उकरली त्याच्या खुणा त्यांना कळल्या नसतील असं मला कसं वाटलं? सगळं सांगितलं. त्यांना आधीच अर्धं कळत होतं बहुतेक, कलम म्हणजे काय ते त्यांना माझ्याहून जास्त समजतं. खुंट न मरणारा, शेंडा गोड. मी जे झाड शोधत होते त्याची हुबेहूब नक्कल, तीही शेजारच्या शेडमध्ये तयार.

विचारलं, मामांनी नेलेल्या ट्रेमध्ये सगळी कलमंच होती का?

"कडंला दोन-चार नुसती गावरान बी असत्यात. शेंड्याला जास्तीची लावलेली."

म्हणजे २१२ खरं असेल किंवा तेही भरलेलंच असेल, बिनकलमी गावरान, नशिबाने रोगातून वाचलेलं. मर मातीत सगळीकडे सारखी नसते, एखादं वाचतं. मामांना आठवत नाही दहा लावली की अकरा. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला तोंड झालं नाही.

लॅबमध्ये तपासून कळेल का, तर नाही. या जनुकाची खूण अजून कोणी शोधलेली नाही. तीच तर मी शोधणार होते.

२५ ऑक्टोबर
तीन दिवस सरांना फोन करायचं टाळतेय. प्रबंधात साडेसहा लिहिलंय. कोणालाही कळणार नाही. खोडं दोन महिन्यांत वाळून जातील. हे मी इथं लिहून ठेवतेय, कारण कालची दुपार मी हाच विचार करत घालवली. स्वतःची लाज वाटली, आणि तरीही विचार थांबला नाही.

२७ ऑक्टोबर
सांगितलं सरांना. त्यांच्या केबिनमध्ये, उभ्यानेच. सरांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "जेवलीस का?"

ओरडले असते तर बरं झालं असतं.

नंतर कागद घेऊन बसले. दहा वजा केली तर उरली १५८, त्यात एक. ०.६३ टक्के. ते एकही खोटं निघालं तर १५७ मध्ये शून्य. "शून्य हाही निकालच असतो, सुवर्णा. इतकी घट्ट जोडी आहे असं लिहायचं. विभागात आकडा मागे घ्यायला मी उभा राहतो, तू नको."

शून्य हा निकाल असतो, मान्य. पण मग ते झाडच नाही. रोग सोसायचा असेल तर कडूच खावं लागेल, नाहीतर मामींनी दर वर्षी कलमं करत बसायचं. मग पाच वर्षं मी काय केलं?

२१२ चं बी लावून बघायचं ठरलं. खरं असेल तर पोरांपैकी तीन वाटे जगतील, एक वाटा मरेल. नुसतं गावरान असेल तर सगळीच मरतील.

१८ नोव्हेंबर
२१२ ची पिशवीतली तीन फळं पिवळी होऊन पिकली. बी काढून धुऊन सावलीत ताटात पसरलं. मामींनी ताटावर जाळी झाकली आणि घरात सगळ्यांना दम भरला.

कारखाना सुरू झालाय. उसाच्या ट्रॉल्यांमागे स्कूटी रखडते, भवानीनगर ओलांडायला अर्धा तास. मळीचा वास केसांत बसलाय.

४ डिसेंबर
मुदत जूनअखेरपर्यंत वाढली. सरांनी स्वतः पत्र लिहिलं. कारणाच्या रकान्यात "प्रायोगिक अडचण". मामांचं नाव कुठेच नाही. माझं आहे.

१२ डिसेंबर
मामांना आता कळलंय. मामींनी सांगितलं नाही म्हणतात, आईनेच फोनवर बोलून टाकलं असणार. मी गेले तर मामा गोठ्यातून बाहेरच येईनात. मीच आत गेले. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाच वरसं मातीत घातली म्या तुजी."

नाही हो मामा. असं काही नाही.

"खोटं नगं बोलू. मागं बी खोटंच बोललीस."

मी वैरण पुढे सारली. दोघंही म्हशीकडे बघत बसलो.

२० जानेवारी
मामांचं ते वावर सुरू उसाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या लागवडीला, ठरलं होतं, बेणं पण आलं. आता म्हणतात चार सऱ्या सोडतो. मामी म्हणाल्या, ट्रॅक्टर वळायला अडचण होईल. "हुंदे अडचण," म्हणाले. मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. दुसरी रोगट जमीन मला कोण देणार?

१२ फेब्रुवारी
२१२ ची रोपं लावली. ४८ निघाली चांगली. सरीत बारा. मामा लावायला आले नाहीत, बांधावर बसून राहिले. हात मांडीखाली धरून.

६ मार्च
पहिलं मेलं. क्र. ९. ऊन तापलं तशी मर जागी झाली. बारापर्यंत मरायला हवीत, म्हणून हायसं वाटलं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मेलं म्हून हायसं?" पण हसले. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

१३ मार्च
पाच. मामा रोज सकाळी माझ्याआधी मोजून ठेवतात. मी गाडी लावली की लांबूनच हाताची बोटं दाखवतात. रिकाम्या जागेपाशी थांबतात, वाकतात, परत सरळ होतात. आज मातीचं एक ढेकूळ उचललं आणि होतं तिथेच ठेवलं.

२० मार्च
बारा! आठ दिवसांत सात गेली. आता थांबायला हवं. थांब ना.

२४ मार्च
चार दिवस बाराच. सरांना फोन केला. "आताच काही बोलू नको," म्हणाले, पण आवाजावरून कळत होतं. मामींनी दुपारी शेवयाची खीर केली, कारण विचारलं तर "दूध उरलं हुतं". मामा वाटीभर खाऊन परत वावरात गेले.

मी पण मनातल्या मनात प्रबंधाचं ते पान लिहून टाकलं. ०.६३.

२९ मार्च
सकाळी गाडी लावली तर मामांनी बोटं दाखवली नाहीत. जवळ गेल्यावर म्हणाले, "तेरावं गेलं."

बघितलं. क्र. ४०. काल संध्याकाळी ठणठणीत होतं.

"तेरा चालतंय का?"

चालतं मामा. एखादं इकडे तिकडे होतंच.

"आन् चौदा?"

चौदापण चालेल.

"मंग किती झाल्यावर चालायचं न्हाय?"

आकडा मला माहीत आहे. अठरापर्यंत गणित ओढून ताणून मान्य करतं, त्यापुढे नाही. मी मामांना सांगितला नाही. सांगितला असता तर ते रोज त्या आकड्यापासून उलटं मोजत बसले असते. तसं मी बसतेच आहे.

दुपारी तीनला परत फेरी मारली. ३१ आणि ३२ ची पानं खाली लोंबतायत. मामा म्हणाले, उन्हानं. खरंय, या उन्हात चांगली झाडंसुद्धा मान टाकतात आणि पहाटेपर्यंत उभी राहतात. त्यांनी ठिबकचा कॉक सोडला आणि दोघं तिथेच बांधावर बसलो. ३१ आणि ३२ कडे कोणीच बघत नव्हतं.

उद्या सकाळी सातला यायचं.